चेसिस कुणाची, बॉडी कुणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूरला एक रस्ता डावीकडे फुटतो आणि आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जातो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या रस्त्याला सहलीच्या गाड्यांची रांग लागते. सतरा आसनी, वीस आसनी, बत्तीस आसनी. आत गाणी, खिडकीत लहान मुलांचे हात, छतावर निळ्या ताडपत्रीखाली बॅगा. मागच्या काचेवर कुणाचे 'जय शिवराय', कुणाचे 'माशाल्ला', कुणाचे 'आईचा आशीर्वाद'. हे सगळे मोठ्या अक्षरांत असते. त्याच गाडीच्या मागच्या कोपऱ्यात, बंपरच्या थोडे वर, बोटभर उंचीची एक ओळ असते. अमुक अमुक बॉडी बिल्डर्स, आणि पुढे गावाचे नाव. ती ओळ कुणी वाचत नाही. आजचे माझे बोलणे त्या ओळीबद्दल आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. यंत्रातले मला काय कळणार, असे तुम्हाला वाटेल. पण महाड-पोलादपूरकडच्या घरांतून गाडी हा विषय रोजचा आहे. शेतीवर भागत नाही, एमआयडीसीत सगळ्यांना काम मिळत नाही, म्हणून एखादा मुलगा मुंबईला जातो, एखादा आखातात जातो, आणि परत आला की पहिला विचार गाडीचा करतो. रायगड आहे, पाचाड आहे, हिरकणीवाडीचा रोपवे आहे, शिवथरघळ आहे, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आहे. वर महाबळेश्वर, प्रतापगड. लोक येतात, त्यांना हिंडवायचे आणि चार पैसे मिळवायचे. सहलीची गाडी बसणाऱ्याच्या दृष्टीने मौज असते. मालकाच्या घरात तिच्यावर चूल पेटत असते.

आपण गाडीला कंपनीच्या नावाने ओळखतो. लहान मोटारीच्या बाबतीत ते खरेही आहे; चाकापासून छतापर्यंत ती एकाच नावाखाली बाहेर पडते. काही मिनी बसही आता कंपनीतून पूर्ण होऊन येतात. पण अनेक सहलीच्या गाड्या आणि बसेस दोन ठिकाणी जन्मतात. कंपनी देते ती चेसिस. म्हणजे इंजिन, चाके, पाटे, स्टिअरिंग आणि हे सगळे ज्यावर बसवले ते दोन लांबलचक पोलादी दांडे. वर काही नाही. महामार्गावर तुम्ही अशा चेसिस जाताना पाहिल्या असतील. ना दरवाजा, ना छप्पर. कामचलाऊ खुर्चीवर ड्रायव्हर, डोळ्यांना गॉगल, तोंडाला गमछा, डोक्यावर हेल्मेट. तो हा सांगाडा बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात पोचवतो. तिथे चौकोनी पाइपांचा पिंजरा उभा राहतो, त्यावर पत्रा चढतो, खाली प्लाय, बाजूला काचा, वर रेक्झिनचे छत, सीट, दिवे, पंखे, एसी. मग रंग, मग आरटीओचे पासिंग. आपल्या जिल्ह्याचे पासिंग पेणला होते. तिथून गाडी नंबर घेऊन बाहेर पडली की पेढे वाटायचे.

माझ्या भाच्याने असेच पेढे वाटले होते. बारावीनंतर तो आखातात गेला, आठ वर्षे दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. २२ जुलै २०२१च्या पुरात महाड बुडाले, त्यात माझ्या बहिणीच्या घरातही छातीइतके पाणी होते. आईला आता एकटे ठेवायचे नाही म्हणून तो परत आला. साठवलेले पैसे घातले, उरलेले कर्ज काढले आणि २०२२च्या सुरुवातीला सतरा आसनी गाडी केली. चेसिस एका कंपनीची, बॉडी घाटावरच्या एका कारखान्याची. दोघांचीही नावे मी घेत नाही. एकाला बोट दाखवले की बाकीचे हात झटकून मोकळे होतात, आणि हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही.

एप्रिल-मे लग्नसराईत गेला. गाडी दिसायला नवरीसारखी. आत निळे दिवे, छताला नक्षी, आवाज असा की पलीकडच्या आळीला कळावे. जूनमध्ये पाऊस लागला. कोकणातला पाऊस म्हणजे काय ते श्रोत्यांना सांगायला नको. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि वर महाबळेश्वरला तर पाच हजारांच्याही पुढे. जुलैच्या एका रविवारी मुंबईचे एक मोठे कुटुंब शिवथरघळीचा धबधबा बघायला निघाले. वर्दी चांगली होती. वरंध घाटाच्या बाजूला गाडी वळली आणि मधल्या दिव्यातून पाण्याची धार सुरू झाली. मग खिडकीच्या वरून, मग मागच्या सीटवर. पोरांनी मजेत गाडीतच छत्र्या उघडल्या. आजीबाई मात्र पूर्ण भिजल्या. संध्याकाळी त्या लोकांनी अर्धेच भाडे हातावर ठेवले, आणि भाच्याला ते घ्यावे लागले.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. चेसिस विकणारा म्हणाला, "इंजिन, गिअर, ब्रेक, काही असेल तर सांगा. छप्पर आमचे नाही." बॉडीवाला म्हणाला, "आम्ही पाणी मारून तपासून दिली होती. तुमच्या घाटात चेसिस पिळते, त्याने सांधे उघडतात. आम्ही काय करणार?" एसी बसवणारा म्हणाला, "हे पाणी एसीचे नाही, पावसाचे आहे." विमावाल्याने विचारले, "अपघात झालाय का? नाही ना? मग?" चार दरवाजे, चारही ठिकाणी चहा मिळाला. घरी येऊन भाचा मला म्हणाला, "मामू, चेसिस कंपनीची, बॉडी कारखान्याची, एसी तिसऱ्याचा, विमा चौथ्याचा. माझा फक्त हप्ता."

श्रोते हो, या एका वाक्यात सगळा विषय आला. अनेक हातांनी बनलेली वस्तू बिघडली की प्रत्येक हात आपल्यापुरता स्वच्छ असतो.

गाडी गळते म्हणजे नेमके काय होते, हे मी नंतर समजून घेतले. गाडीचे छत एका पत्र्याचे नसते. पत्र्याला पत्रा जोडलेला असतो. तो सांधा एकावर एक नीट चढवायचा, मध्ये सिलिकॉनसारखे लवचीक सीलंट भरायचे, मग रिबिट मारायचे. सांधा लवचीक हवा, कारण रस्त्यावर चेसिस सतत पिळत असते. घाटात एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर आले की वरचा पिंजराही किंचित तिरपा होतो. लवचीक सांधा हे सोसतो. पण सीलंटऐवजी नुसती लांबी घासून वर रंग मारला, तर सांधा दिसतो गुळगुळीत आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याला केसाएवढी चीर जाते. केसाएवढ्या चिरेतून कोकणचा पाऊस बादलीभर पाणी आत सोडतो.

पाणी जिथे टपकते तिथेच शिरते असेही नाही. ते पुढच्या सांध्यातून शिरते, रेक्झिनच्या आतून पाइपावरून वाहत जाते आणि मागे कुठे तरी पडते. म्हणून गळती सापडत नाही. वर्कशॉपमध्ये टपकण्याच्या जागी सिलिकॉन फासून देतात आणि पुढच्या पावसात ते दुसरीकडे टपकते. यात खरी हानी भिजण्याची नाही. चौकोनी पाइप बाहेरून रंगवलेला असतो, आतून कोराच असतो. वेल्डिंगच्या भोकातून पाणी आत गेले की ते बाहेर पडत नाही, पाइप आतून गंजत जातो. पोलादी पाइपावर ॲल्युमिनियमचा पत्रा असेल आणि मध्ये ओल साठली, तर दोन वेगळ्या धातूंच्या संगतीने झीज आणखी वाढते. खालचा प्लाय फुगतो, त्यात आवळलेले सीटचे बोल्ट सैल होतात. ज्या सीटला धरून माणूस घाटात बसतो, ती सीट कुजलेल्या फळीवर उभी असते. वायरींच्या सांध्यांत पाणी जाते ते वेगळेच.

म्हणजे आज जी गळती आहे, ती पाच वर्षांनी अपघातात माणूस वाचणार की नाही याचा प्रश्न होते. सहलीच्या गाडीची कुरकुर म्हणून ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही, ती यासाठी.

हे फक्त आपल्याकडचे आहे असे समजू नका. अमेरिकेत लोक चाकावरचे घर घेऊन फिरायला निघतात. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, संडास, सगळे. तिकडे गेलेली आपली मराठी मंडळीही सुटीत अशा गाड्या भाड्याने घेतात. या गाड्या बहुतांशी इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट नावाच्या गावाच्या परिसरात बनतात. करोनाच्या काळात हॉटेलात राहायला लोक घाबरू लागले आणि या गाड्यांना अशी मागणी आली की २०२१ या एका वर्षात सहा लाखांच्या वर गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. तिथल्या पुष्कळ कारखान्यांत कामगारांना नगावर पैसे मिळतात; दिवसाचा आकडा पुरा झाला की सुटी. आकडा वाढला, घाई वाढली. मग मालकांच्या तक्रारी त्याच. छत गळते, भिंतीचे थर सुटून फुगतात, कपाटाचे दार हातात येते. आणि उत्तरेही तीच. मोटारघराची चेसिस एका कंपनीची, घर दुसऱ्याचे, फ्रीज तिसऱ्याचा, प्रत्येकाची वॉरंटी निराळी. कॅलिफोर्नियात सदोष वाहन परत घ्यायला लावणारा कडक कायदा आहे. त्या कायद्याने मोटारघराची चेसिस आणि चालवणारा भाग 'वाहन' मानला, पण राहण्याचा भाग त्यातून वगळला. म्हणजे छप्पर गळले तर ते मोटारवाल्यांच्या कायद्यात बसत नाही. अमेरिका असो की पोलादपूर, पाणी दोन जबाबदाऱ्यांच्या मधल्या फटीतूनच आत येते.

आता आपल्याकडे कायदा काय सांगतो? इथे मला एक कागद भेटला, आणि तो मला एखाद्या चांगल्या कवितेइतका आवडला. त्याचे नाव फॉर्म २२-ए. ज्या वाहनाची बॉडी वेगळीकडे बांधली जाते, त्याच्या नोंदणीसाठी हा दाखला लागतो. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागावर चेसिस बनवणारी कंपनी सही करते. दुसऱ्या भागावर बॉडी बांधणारा सही करतो, की ही बॉडी मी बांधली आणि ती नियमांप्रमाणे आहे. म्हणजे तोंडाने कुणी कितीही नाही म्हटले, तरी सरकारदरबारी दोघांची नावे दोन सह्यांनी नोंदलेली असतात. बरेच मालक हा कागद बघतही नाहीत. एजंट तो आरटीओत लावतो आणि विषय संपतो.

भाच्याचे असेच झाले होते. बॉडीवाल्याने एक दिवस नवा पवित्रा घेतला. "आम्ही फक्त सीट आणि रंग केला. पिंजरा दुसरीकडून आला होता." भाच्याने पेणच्या कार्यालयातून त्या फॉर्मची प्रत मिळवली. दुसऱ्या भागावर त्याच कारखान्याचा शिक्का होता, मालकाची सही होती. वकिलामार्फत नोटीस गेली, सोबत ती प्रत. आठ महिने जे फोनवर झाले नव्हते, ते पंधरा दिवसांत झाले. कारखान्याने दोन कारागीर महाडला पाठवले, मालाचा अर्धा खर्च सोसला. अर्धा भाच्याला पडला. पूर्ण न्याय झाला असे मी म्हणणार नाही. दोन महिन्यांच्या बुडालेल्या वर्द्यांचे कुणी काही दिले नाही.

त्या दोन कारागिरांपैकी एक वयस्क होते. चार दिवस त्यांनी आतले सगळे छत उतरवून काम केले. दुपारी आमच्याकडे जेवायला असत. मी त्यांना विचारले, "चाचा, हे पहिल्यांदाच असे का नाही केले?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, मालक एका गाडीला बारा दिवस देतो. नुसत्या छताचे सांधे नीट करायचे तर दीड दिवस जातो. तो दीड दिवस आम्हाला कुणी देत नाही. आणि गिऱ्हाईक गाडी न्यायला येते ना, ते सांधा बघत नाही. ते दिवे लावून बघते, गाणे लावून बघते." काम संपल्यावर त्यांनी मोटर लावून पाइपने तासभर गाडीवर पाणी मारले, आत स्वतः बसून राहिले, आणि मग भाच्याला आत बोलावले. गाडी कोरडी होती. हात कसबी होतेच. त्यांना दीड दिवस मिळाला, इतकेच.

म्हणून कारागिराला शिव्या देऊन हा विषय मिटत नाही. आपण बॉडी घेताना दहा हजार कमी करायला तासभर घासाघीस करतो आणि ते दहा हजार नेमके जिथे दिसत नाही तिथून कमी होतात. निळा दिवा कुणी कमी करत नाही. सीलंट कमी होते, पाइपाची जाडी कमी होते, वायरची जाडी कमी होते.

महाडकरांना बांधणीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी आमच्या गावातली 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली. इमारत जुनी नव्हती. तिला दहा वर्षेही झाली नव्हती. घर आणि गाडी यांची तुलना करू नये हे मला कळते. पण दोन्हीकडे माणूस विश्वासाने आत शिरतो आणि भिंतीच्या आत काय आहे ते त्याला दिसत नाही, एवढे तरी समान आहे.

गाड्यांच्या बाबतीत अशी उदाहरणे दूर शोधायला नकोत. १ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात एक खासगी बस डाव्या कुशीवर उलटून पेटली. दरवाजा जमिनीखाली दबला. २५ जण होरपळून गेले. काच फोडून जे बाहेर पडले तेच वाचले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी राजस्थानात जैसलमेरजवळ एक नवी बस धावता धावता पेटली आणि वीसहून अधिक माणसे गेली. साधी बस म्हणून आलेल्या त्या गाडीत नंतर एसी बसवला गेल्याच्या बातम्या आल्या. दरवाजा किती रुंद, संकटकाळी बाहेर पडायची वाट कुठे, पडदे-सीट कशाचे, वायर कशी, हे सगळे बॉडी बांधणारा ठरवतो. यासाठी आपल्याकडे 'एआयएस-०५२' नावाची बस बॉडीची संहिता आहे. चाकावरच्या घरासाठी, म्हणजे कॅराव्हॅनसाठी, 'एआयएस-१२४' ही वेगळी संहिता आहे. आपल्या पुण्याची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था हे दंडक प्रसिद्ध करते. नियम नाहीत अशी स्थिती नाही. पासिंगच्या दिवशी नियम असतात. त्यानंतर गाडी पुन्हा कुठल्या तरी शेडमध्ये जाते आणि तिथे जास्तीच्या दोन सीट, छतावर कॅरिअर, आणखी दिवे चढतात.

मालकाच्या हातात काय आहे, ते थोडक्यात सांगतो, कारण हे ऐकणाऱ्यांत पुष्कळ गाडीवाले असतील.

पहिली गोष्ट, स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी घेऊन स्वतः चालवणारा माणूस कायद्याने 'ग्राहक' आहे. धंद्याची गाडी म्हणून तुम्हाला ग्राहक आयोगात जाता येत नाही, असे कुणी सांगितले तर ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच हे स्पष्ट केले आहे आणि उदाहरण रिक्षाचेच दिले आहे. मात्र पाच गाड्या घेऊन पाच ड्रायव्हर ठेवणाऱ्याला ही सवलत मिळणे कठीण. नवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, तो २० जुलै २०२०पासून लागू झाला. आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कारखाना घाटावर असला तरी आपल्याला अलिबाग पुरे. पण दोन वर्षांच्या आत जायला हवे. "बघू, करू, पुढच्या महिन्यात या" यात ही दोन वर्षे कशी जातात ते कळत नाही.

दुसरी गोष्ट, न्यायालयाकडून काय मिळेल याची कल्पना असावी. क्लचच्या दोषावरून गाडीच बदलून मागणाऱ्या एका ग्राहकाच्या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन आहे, गाडी बदलून देण्याचे नाही. भरपाई मात्र दिली. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ची म्हणून २००९ची, वापरलेली मोटार देण्यात आली होती. ग्राहक मंचाने कंपनी आणि विक्रेता दोघांनाही जबाबदार धरले होते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे केले, जबाबदारी विक्रेत्यावर राहिली. त्या दोघांतला करार तसा होता आणि विक्रेत्याने केलेले कंपनीला ठाऊक होते हे सिद्ध झाले नव्हते. यातून शिकायचे ते हे की, कागदावर कोण कुणाचा काय लागतो ते पैसे देण्याआधी बघावे. नंतर ते आपल्याला न्यायालय सांगते, आणि फार उशिरा सांगते.

तिसरी गोष्ट बॉडी बांधताना करायची. पिंजरा उभा राहिला आणि पत्रा चढायच्या आत एकदा कारखान्यात जाऊन या. फोटो काढा. पाइपांना आतून गंजरोधक मारला का, सांध्यात काय भरले, वायर कुठल्या जाडीची, हे विचारा. बिलावर 'बॉडी पूर्ण' एवढेच न लिहिता साहित्य लिहून घ्या. बॉडीची वॉरंटी वेगळी लिहून घ्या, पावसाच्या गळतीसह. गाडी ताब्यात घेताना दिवे नंतर लावा, आधी तासभर पाणी मारायला सांगा आणि आत बसा. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या. आणि फॉर्म २२-एच्या दोन्ही भागांची प्रत घरात, आरसीच्या शेजारी ठेवा.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. हॉटेल नाही तिथेही पर्यटकाला राहता यावे, हा त्यामागचा विचार. आमच्या भागाला तो चांगलाच आहे. उद्या आमची मुले अशी चाकावरची घरे घेतील. त्यात गॅस असेल, विजेचे सामान असेल, पाण्याची टाकी असेल. छताला जितकी भोके जास्त, तितकी गळतीची जागा जास्त. बांधणारे हात आणखी वाढतील. आज सतरा आसनी गाडीत जे आपण शिकलो नाही, ते उद्या त्या घरात फार महाग पडेल.

माझ्या प्रांतातली एक गोष्ट सांगून संपवतो. आपल्याकडे अभंग लिहिणारा शेवटच्या चरणात आपले नाव घालतो. तिला नाममुद्रा म्हणतात. तुकोबांचे नाव असते, जनाबाईंचे असते, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचेही असते. गझल लिहिणारा शेवटच्या शेरात आपले नाव गुंफतो, त्याला मक्ता म्हणतात. नाव घालायचे ते मिरवायला, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. वरती जे लिहिले, ते बरे असो की वाईट, ते माझ्या माथी, असे त्या नावाचे सांगणे आहे. म्हणून नाव शेवटी येते, सगळे लिहून झाल्यावर.

एसटीचेच बघा. महामंडळाने वर्षानुवर्षे आपल्या गाड्यांच्या बॉडी स्वतःच्या कार्यशाळांत बांधल्या. पुण्याजवळ दापोडी, संभाजीनगरला चिकलठाणा, नागपूरला हिंगणा. लाल डबा म्हणून आपण तिला नावे ठेवली, ती गळलीही, खडखडलीही. पण बांधणारा आणि वापरणारा एकच होता. गळती लागली तर ती कुठल्या दाराशी न्यायची हे आगारातल्या मेकॅनिकला ठाऊक होते. खासगी गाडीवाल्याला तेवढेच हवे आहे. चकचकीत उत्तर नको, एक दार हवे.

गाडीच्या मागच्या कोपऱ्यातली ती बोटभर ओळ म्हणजे बॉडी बांधणाऱ्याची नाममुद्रा आहे. आज ती जाहिरात म्हणून रंगवली जाते. ती जबाबदारी म्हणून वाचायची सवय आपण, म्हणजे विकत घेणाऱ्यांनी आणि बसणाऱ्यांनी, लावून घ्यायला हवी. सहलीला गाडी ठरवताना आपण भाडे विचारतो, एसी आहे का विचारतो. आणखी एक प्रश्न विचारावा. "बॉडी कुणी बांधली?" चांगल्या मालकाला या प्रश्नाचा राग येणार नाही. त्याला नाव सांगता येईल. आणि ज्या कारखान्याचे नाव लोक विचारून घेतात, तो कारखाना छताच्या सांध्याला दीड दिवस देईल. कारण आपले नाव गळक्या छपराखाली कुणालाच नको असते.